पहिल्या हाकेचा पट्टा

दूरदेशी खेळाचे शास्त्र शिकून एक तरुणी एकदा आपल्या गावी परतली, ती लढायच्या तयारीने. तिला वाटले होते, गावात अज्ञान भेटेल, हट्ट भेटेल, वशिला भेटेल. ‘आमच्यात हे असंच चालतं’ म्हणून लोक तिच्या तोंडावर दार लावतील. परतीच्या प्रवासात तिने त्या भांडणांची उत्तरेही पाठ करून ठेवली होती. प्रत्यक्षात तिला भेटला तो विश्वास. गावाने तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि पहिल्याच दिवशी सांगितले, ‘तू म्हणशील तसं.’ विरोधाला तोंड कसे द्यायचे हे ती शिकून आली होती. विश्वासाचे ओझे कसे पेलायचे हे तिला कोणी शिकवले नव्हते.

ते गाव नदीकाठचे. जिथे पेठ तिथे तालीम, आणि तालीम तिथे फुटबॉलचा संघ. सकाळी तांबड्या मातीत घुमणारी माणसे संध्याकाळी मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर बसून आपल्या पेठेसाठी घसा बसेपर्यंत ओरडत. एखाद्या सामन्यावरून दोन घरांत वर्षभर अबोला धरल्याचीही उदाहरणे होती.

हंगामाच्या आरंभी तिथे हाकेचा दिवस असे. आसपासच्या खेड्यांतली नवी पोरे मैदानात रांगेने उभी राहत आणि तालमी पाळीपाळीने एकेकाला हाक देऊन आपल्याकडे घेत. गेल्या हंगामात जी तालीम तळाला राहिली असेल तिला पहिली हाक मिळे. दुसऱ्या फेरीत मात्र तिची पाळी सर्वांत शेवटी येई. ज्याला पहिली हाक मिळे, त्याच्या उजव्या दंडावर लाल पट्टा बांधत. तो पट्टा त्याने हंगामभर, प्रत्येक सामन्यात, मिरवायचा. हा मान कोणी आणि कधी सुरू केला हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून तो मोडायची कोणाची छातीही नव्हती.

त्या वर्षी पहिली हाक तरुणी जिथे प्रशिक्षक झाली होती त्या तालमीची होती. तालमीचे अध्यक्ष गुळाचे मोठे व्यापारी. सारी पेठ त्यांना अण्णा म्हणे. अण्णांनी माईक सरळ तिच्या हातात दिला. तिने आधीचे कित्येक दिवस खेडोपाडी फिरून पोरांचा वेग, वळण, दम, नजर, सारे पारखले होते. ती न अडखळता म्हणाली, “दिग्विजय.” डोंगराकडच्या एका वाडीतला सडपातळ मुलगा रांगेतून पुढे आला. हलगी कडाडली, दंडावर पट्टा चढला, आणि संध्याकाळी त्याच्या वाडीने त्याला ट्रॅक्टरवर बसवून घरी नेले.

दुसऱ्या फेरीच्या अखेरीस रांगेत एकच मुलगा उरला होता. नेमिनाथ त्याचे नाव, घरचे नेमू म्हणत. अंगाने बुटका, पायात दुसऱ्याचे बूट. पाळी वाया जाऊ नये एवढ्याचसाठी तालमीने त्याला हाक दिली. तोवर पायऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. टाळी वाजवायला कोणी नाही असे पाहून नेमूने स्वतःच टाळ्या वाजवल्या आणि तो हसत येऊन उभा राहिला.

मग सामने सुरू झाले. आघाडीच्या डाव्या टोकाला दिग्विजय, उजव्या टोकाला नेमू. पहिल्या सामन्यात नेमूने गोल केला. दुसऱ्यातही केला. दिग्विजयकडे चेंडू आला की तो हिसकावला जाई, किंवा त्याच्या पायातून निसटून रेषेबाहेर जाई. पायऱ्यांवरचे लोक आधी हळहळले, मग चिडले, मग त्यांना मजा वाटू लागली.

“पट्टा सोडून ठेव रे, पळायला जड होत असंल,” एकजण ओरडे.

“असू दे असू दे, घाम पुसायला उपयोगी पडतोय,” दुसरा उत्तर देई, आणि साऱ्या पायऱ्या हसत.

तरुणीने आपल्या शास्त्राचा आधार घेतला. प्रत्येक सामन्यातले प्रत्येक पाऊल तिने तपासले. शास्त्रही तिच्या मदतीला आले नाही. दिग्विजय चेंडू जास्त गमावत होता, कमी धावत होता, गोलकडे क्वचित पोहोचत होता. नेमू प्रत्येक बाबतीत सरस दिसत होता. तिला आता जेवण गोड लागेना. रस्त्यात कोणी “काय म्हणतोय आमचा पट्टेवाला?” असे सहज विचारले तरी ती घाईने पुढे निघून जाई. ज्या लोकांनी ‘तू म्हणशील तसं’ म्हटले, त्यांना आपण फसवले का?

एके संध्याकाळी सराव संपल्यावर दिग्विजय तालमीच्या मागच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारत होता. दंडावरचा पट्टा त्याने ओढून बाहीखाली लपवला होता. ती जवळ गेली तशी तो थांबला.

“ताई, एक विचारू? माघारी पाठवणार असला तर आदल्या दिवशी सांगाल का?”

“कोणी सांगितलं तुला, माघारी पाठवणार म्हणून?”

“कोण सांगायला कशाला पाहिजे? अण्णा आता माझ्याकडं बघत न्हाईत. आधी जेवलास का म्हणून विचारायचे.” त्याने चेंडू पायाखाली घेतला. “माझं काय न्हाई ताई. पण वाडीनं ट्रॅक्टर काढला होता. आईला पाण्यावर जायला लागतंय, तिथं बायका बसलेल्या असतात. आदल्या दिवशी कळलं, तर मी अंधार पडल्यावर घरी पोचंन, एवढंच.”



माघारी पाठवण्याची रीत खरोखरच होती. हंगामाच्या मध्यावर प्रत्येक तालमीला एक नवा खेळाडू परत धाडून त्याच्या जागी दुसरा घेता येई. परत गेलेल्या पोराला मग कोणतीच तालीम सहसा हाक देत नसे. पहिल्या हाकेचा मुलगा माघारी गेल्याचे तर गावाच्या आठवणीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिला अडतीत बोलावले. सभोवती गुळाच्या ढेपा रचलेल्या होत्या. त्यांनी एका ढेपेला सुरी लावून खडा काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

“खाऊन बघा मॅडम.”

तिने तोंडात टाकला. गूळ खारट होता.

“वरनं कशी पिवळीधमक दिसतीया, न्हवं? पहिल्या प्रतीची म्हणून घेतली. आता हिला पहिल्या प्रतीची म्हणत बसलो, तर पेठेतनं माझं नाव जाईल.” अण्णांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते तिला अधिक लागले. “चूक कुणाचीबी होती. माझीबी होती. पण चूक कळल्यावर धरून बसायची नसती. परवा सकाळी मला नाव द्या, कुणाला माघारी पाठवायचं. तुम्हीच द्या. आमचा अजून विश्वास हाय तुमच्यावर.”

त्या शेवटच्या वाक्याने ती अधिकच खचली. घरी जाताना तिच्या मनात दोनच वाटा होत्या आणि दोन्हींची तिला भीती वाटत होती. दिग्विजयला ठेवावे, तर ते त्याच्या गुणांसाठी की स्वतःचा शब्द खरा करण्यासाठी? त्याला पाठवावे, तर ते न्यायाने की लोकांच्या हसण्याला भिऊन? आपले मन आपल्यालाच कळेनासे होणे, यासारखी अस्वस्थता दुसरी नाही.

तालमीत एक वृद्ध वस्ताद होते. लहानपणी तिला पहिला चेंडू त्यांनीच दिला होता. आता ते शिकवत नसत. मैदानाच्या कडेला अंगात जुना कोट घालून बसत. त्यांचा डावा कान गेला होता, आणि पायऱ्यांकडे नेमका तोच कान येईल अशी जागा ते निवडत. ती त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि तिने सारे सांगितले.

“परवा सकाळी नाव द्यायचंय, वस्ताद.”

“मग परवा सकाळी दे की. आत्ताच कशाला तोंड एवढंसं केलंयस?”

“माझी हाक चुकली का, एवढं तरी सांगा.”

वस्तादांनी काठीने मैदानाकडे खूण केली. “उद्या दुपारी नदीपलीकडच्या गावचा संघ येतोय. दोस्तीचा सामना. त्यांना आपला पट्टा ठाऊक आहे, आपली पोरं ठाऊक नाहीत. तू ये.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना सुरू होण्याआधी वस्तादांनी दोन्ही पोरांना जवळ बोलावले. त्यांनी दिग्विजयची बाही वर सारली, पट्ट्याची गाठ सोडली, आणि तो लाल पट्टा नेमूच्या दंडावर बांधला.

पायऱ्यांवर कुजबुज उठली. अण्णा खुर्चीवरून उठून आले. “वस्ताद, हे काय? परंपरा हाय ती.”

“परंपरा दंडावरच आहे, अण्णा. दंड तेवढा बदललाय.”

“नेम्याला बढती मिळाली रे,” कोणीतरी वरून म्हणाले. नेमूने दंड फुगवून दाखवला. दिग्विजय मात्र आपल्या मोकळ्या दंडाकडे पाहत उभा होता. त्याला वाटले, माघारी पाठवण्याचाच हा विधी असावा. तरुणीलाही तेच वाटले.

सामना सुरू झाला. पाहुण्या संघाच्या कप्तानाने मैदानावर नजर फिरवली, लाल पट्टा हेरला आणि आपल्या दोन धिप्पाड गड्यांना बोटाने खूण केली. ते दोघे नेमूला जाऊन चिकटले. तो थांबला की थांबत, पळाला की पळत. चेंडू त्याच्याकडे येण्याआधी एक खांदा येई आणि चेंडू आल्यावर दुसरा. हाच नेमू आजवर मोकळ्या रानातल्या वासरासारखा धावत होता. आज त्याला वळायला जागा उरली नाही. त्याहून विचित्र गोष्ट तिला थोड्या वेळाने दिसली. नेमू स्वतःही बदलला होता. एरवी चेंडू आला की तो सरळ पुढे जाई. आता तो कसरती करू लागला, एकट्यानेच दोघांना चकवू पाहू लागला, जणू दंडावर लाल रंग आहे तर काहीतरी अद्भुत केलेच पाहिजे. त्याने चेंडू पुन्हा पुन्हा गमावला. पायऱ्या आता त्याला हसू लागल्या.

आणि डाव्या टोकाला दिग्विजय एकटा होता. त्याच्याजवळ कोणी येईना. पहिल्यांदा चेंडू मिळाला तेव्हा सवयीने तो खांदे आवळून उभा राहिला, धक्का बसण्याची वाट पाहत. धक्का आला नाही. त्याने आजूबाजूला पाहिले, आणि चेंडू साधेपणाने सोबत्याला दिला. पुढच्या वेळी तो वळला. त्यापुढच्या वेळी तो धावला, आणि खेडोपाडी फिरताना तिने जे पाहिले होते ते वळण, तो वेग तिला पुन्हा दिसला. तिने ओढणीचे टोक मुठीत घट्ट धरले. आता गोल, एक गोल, म्हणजे सुटले, असे ती मनात म्हणत राहिली.

संधी आलीही. दिग्विजय गोलसमोर एकटा आला. गोलरक्षक पडलेला होता. त्याने मारलेला चेंडू खांबांच्या कितीतरी वरून गेला आणि मागच्या बाभळीत अडकला. पायऱ्यांवर हशा पिकला. सामना गोलशून्य सुटला.

पोरे अंग पुसत तालमीकडे गेली, लोक पांगले. वस्तादांनी पट्टा घडी करून कोटाच्या खिशात टाकला आणि तरुणीकडे वळले.

“काय पाहिलंस?”

“पट्टा ज्याच्या दंडावर, त्याच्यावर दोघं,” ती म्हणाली. “मी सगळं तपासलं होतं वस्ताद, त्याचं प्रत्येक पाऊल. पण त्याला अडवायला कितीजण येतात हे पाहिलंच नाही. नेमूकडे कोणी फिरकत नाही, हेही नाही. दोघांना एकाच मैदानात धरलं, आणि मैदान एक नव्हतंच.”

“आणखी?”

“नेमू स्वतःच वेगळा खेळायला लागला. आणि दिग्विजय…” ती थांबली. “मोकळा असूनही तो चुकला. मला वाटलं होतं, तो गोल करेल आणि सगळं स्पष्ट होईल.”

“झालं का स्पष्ट? दोघांत चांगला कोण?”

“नाही. मला ठाऊक नाही.”

“मलाही नाही,” वस्ताद म्हणाले. “ठाऊक असतं तर पट्टा कशाला हलवला असता?”

मग ते शांतपणे बोलू लागले. “हाकेच्या दिवशी आपल्याला वाटतं, आपण पोरांना मोजलं. पोरी, त्या दिवशी आपण फक्त अंदाज बांधतो आणि तो अंदाज त्यांच्या अंगावर ठेवून देतो. एकाच्या अंगावर डोंगराएवढा, एकाच्या अंगावर काहीच नाही. ज्याच्यावर काहीच नाही तो उड्या मारतो, ज्याच्यावर डोंगर आहे तो वाकतो. मग चार सामने झाले की आपण तीच हाक हातात घेऊन दोघांना पुन्हा मोजायला निघतो. म्हणतो, हा पहिला असून कमी पडला, तो शेवटचा असून पुढे गेला. अण्णा व्यापारी माणूस आहे, मापात पाप त्यांना चालायचं नाही. इथं मात्र पारड्यात आपलंच बोट आहे, आणि दिसत कोणालाच नाही.”

“मग हाकच देऊ नये का?”

“द्यावी की. अंदाज केल्याशिवाय माणूस पाऊलही टाकत नाही. पण अंदाजाला निकाल म्हणू नये. तुला सध्या जी भीती वाटते, ती नीट उलटून बघ. तिच्यात दिग्विजय किती आहे आणि तुझा शब्द किती आहे? आजही तू त्याचा खेळ बघत नव्हतीस. तू गोलची वाट बघत होतीस, स्वतःच्या सुटकेसाठी. त्याच्या पायात आज आणखी एक वजन होतं, ते तुझं होतं.”

त्या वाक्याने तिचे डोळे भरून आले. वस्तादांनी ते पाहिले, पण शब्द मागे घेतला नाही. काही वेळाने काठी टेकत उठताना ते एवढेच म्हणाले, “ठाऊक नाही म्हणायला तू इतक्या लांब जाऊन शिकलीस, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. खरं शिकलेला माणूसच ते म्हणू शकतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अडतीत गेली. रात्रभर तिने उत्तर शोधले होते आणि ते मिळाले नव्हते. तशीच ती गेली. अण्णा गादीवर बसले होते. तालमीचे आणखी दोघे-चौघे चहा पीत होते.

“बोला मॅडम. कुणाचं नाव?”

“कोणाचंच नाही, अण्णा.”

कपबशा थांबल्या.

“पहिली हाक मी दिली. ती बरोबर होती की चूक, हे मला आज ठाऊक नाही. आणि खरं बोलायचं तर तुम्हालाही नाही. काल दुपारी ते आपण सगळ्यांनी पाहिलं. दोघंही हंगाम संपेपर्यंत खेळतील. नेमूलाही कोणी डोक्यावर घेऊन नाचायचं नाही, नाहीतर उद्या त्याचीच पाळी येईल. तेवढा धीर तालमीला धरवत नसेल, तर एकच नवं माणूस माघारी पाठवायची रीत आहे. यंदा नवी मीही आहे.”

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते. ती नमस्कार करून निघाली. संध्याकाळपर्यंत आपण या तालमीत असू की नाही, हेही तिला सांगता आले नसते.

मैदानाच्या पायरीवर दिग्विजय बसला होता. शेजारी त्याची पिशवी भरलेली होती, बूट नाड्यांनी पिशवीला बांधलेले. तरुणीला पाहून तो उभा राहिला.

“नाव दिलं ताई?”

“नाही. तू इथंच आहेस, हंगाम संपेपर्यंत.”

त्याने पिशवीकडे पाहिले, मग तिच्याकडे. “म्हणजे मी चांगला हाय?”

कालचा दिवस असता, तर तिने घाईने हो म्हटले असते.

“अजून ठाऊक नाही,” ती म्हणाली. “बूट घाल.”